गाडी सकाळची, जहाज दुपारचं: मधल्या मुक्कामाला हॉटेल कुठे घ्यावं?

पत्राचा सारांश: अकोल्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त डिसेंबरात घरातली पाच माणसं, म्हणजे सासू-सासरे, त्या स्वतः, यजमान आणि नऊ वर्षांचा मुलगा, मुंबई–गोवा–मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करणार आहेत. जहाज गुरुवारी दुपारनंतर मुंबईहून सुटतं आणि रविवारी सकाळी परत येतं. क्रूझचं बुकिंग झालंय, अडलंय ते आदल्या मुक्कामावर. यजमानांच्या मते गाडी सकाळी सातला मुंबईत पोचते आणि जहाज दुपारी आहे, तेव्हा हॉटेलचा खर्चच फुकट. डोंबिवलीच्या आत्येसासूबाई म्हणतात, घर असताना हॉटेल कशाला? पुण्याचे दीर सांगतात की अंधेरीला विमानतळाजवळ घ्या, त्याच पैशात खोली मोठी मिळते आणि नाश्ताही धरलेला असतो. सासूबाईंची एकच इच्छा आहे, मरीन ड्राइव्ह रात्रीचा बघायचा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, जिना नको असतो. खोलीमागे सात-आठ हजारांपर्यंत तयारी आहे. "धक्क्याच्या सर्वांत जवळचं एक चांगलं हॉटेल सांगा, म्हणजे मी घरात सांगून मोकळी होते," असं त्यांनी लिहिलंय.

ताई,

पंचाहत्तरीला आजोबांना नातवासकट जहाजावर न्यायचं, हा बेत मला मनापासून आवडला. तुम्ही एका हॉटेलचं नाव मागितलंय, ते मात्र मी देणार नाही. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की नावाने तुमचा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही रात्र कुठे काढावी ते विचारताय, पण रात्र कुठेही निघते, दमलेलं माणूस आठ तास झोपतंच. तुमची अडचण त्या रात्रीच्या दोन्ही बाजूंना आहे. सकाळी सातला गाडीतून उतरल्यापासून खोली ताब्यात मिळेपर्यंतचे पाच-सहा तास आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडल्यापासून जहाजावर चढेपर्यंतचे दोन-तीन तास. शिवाय आणखी काही तास आहेत, ज्यांचा पत्रात उल्लेखच नाही. रविवारी सकाळी जहाजातून उतराल तेव्हापासून संध्याकाळी अकोल्याची गाडी पकडेपर्यंत हातात सामान, सोबत पंचाहत्तरीचे आजोबा, आणि खोली नाही. हे सगळे तास जे हॉटेल सांभाळून घेईल ते तुमचं हॉटेल. मग ते धक्क्यापासून अर्धा किलोमीटरवर आहे की दोन, याने फारसा फरक पडत नाही.

आधी यजमानांचा मुद्दा घेते, कारण तो मान्य केला तर बाकीची चर्चाच संपते. सकाळी सातला उतरून दुपारी जहाज, हे कागदावर बरोबर दिसतं. विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेस या आपल्याकडूनच सुटणाऱ्या गाड्या, लांबून येणाऱ्या गाड्यांपेक्षा वेळेच्या बाबतीत भरवशाच्या. पण इगतपुरी–कसारा घाटात एखादी मालगाडी अडकली की मागची प्रत्येक गाडी उभी राहते, ती कुठून सुटली याला मग अर्थ उरत नाही. आणि जहाज काही गाडीसारखं पुढच्या स्टेशनावर पकडता येत नाही. 'जहाज सुटण्याची वेळ' आणि 'बोर्डिंग बंद होण्याची वेळ' यांत बरंच अंतर असतं, तिकिटासोबतच्या कागदावर दुसरी वेळ शोधा आणि तीच खरी धरा. पाच माणसांच्या क्रूझचे पैसे एका रात्रीच्या भाड्यापायी पणाला लावायचे नाहीत. शिवाय रात्रभर गाडीत आखडून बसलेले गुडघे घेऊन थेट बोर्डिंगच्या रांगेत उभं राहायचं, हे आजोबांना जड जाईल. तेव्हा बुधवारी सकाळीच पोचा. यावर घरात तडजोड करू नका.

आता धक्का कुठे आहे ते नीट समजून घेऊ, कारण इथे बाहेरगावच्या लोकांची हमखास गफलत होते. मुंबईत बोटी तीन ठिकाणांहून सुटतात. घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच गेटवेवरून. मांडव्याची रो-रो, म्हणजे मोटारी नेणारी बोट, माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून. आणि मोठी क्रूझ जहाजं बॅलार्ड पिअरवरून, जिथे २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्‍घाटन झालं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीच्या धक्क्यावर' म्हणालात तर तो सरळ भाऊच्या धक्क्याला नेईल, त्याची काही चूक नाही. 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असं म्हणायचं आणि कागदावर दिलेला गेट तोच आहे ना ते आदल्या दिवशी एकदा पडताळायचं. हॉटेलच्या साइटवर 'मुंबई पोर्टपासून इतकं अंतर' असं लिहिलेलं असतं, त्यावरही जाऊ नका. बंदराची जमीन पार शिवडी-वडाळ्यापर्यंत पसरलेली आहे आणि ती खूण नकाशावर कुठेही पडलेली असू शकते. स्वतः बॅलार्ड पिअरवर खूण ठेवा आणि तिथून मोजा.

मोजलंत की एक चांगली गोष्ट दिसेल. तुमची गाडी जिथे येते ते सीएसएमटी स्टेशन तिथून जेमतेम दीड किलोमीटर आहे. इंग्रजांच्या काळात तर बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर रेल्वेचं स्वतंत्र स्टेशन होतं. विलायतेहून टपालाची बोट लागली की उतारू समोर उभ्या असलेल्या पंजाब लिमिटेडमध्ये बसून थेट उत्तरेकडे निघायचे. आता तशी सोय नाही, पण अकोल्याहून येणाऱ्या माणसाला स्टेशन आणि धक्का यांच्या लगतचा फोर्ट हा भाग आजही इतर कुणापेक्षा सोयीचा पडतो. पुण्याच्या दिरांना जे सोयीचं, ते तुम्हाला असेलच असं नाही.

अंधेरीबद्दल त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. त्याच पैशात तिकडे खोली मोठी मिळते, इमारत नवी असते, लिफ्ट धड असते. रात्री उशिराच्या विमानाने येणाऱ्यांना मी तेच सुचवेन. पण तुम्ही रेल्वेने सीएसएमटीला उतरणार, तिथून वीस किलोमीटरहून जास्त उलटं उत्तरेला जाणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या रहदारीत तेच अंतर परत दक्षिणेला कापणार. खोलीचे जे पैसे वाचतील ते टॅक्सीत जातील. आणि गुरुवारची सगळी सकाळ 'वेळेत पोचतो की नाही' या धास्तीत जाईल.

(विमानाने येणाऱ्या वाचकांसाठी थोडं. भुयारी मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलवर आणि सीएसएमटीला तिची स्थानकं आहेत. एकेक चाकांची बॅग असेल आणि सोबत म्हातारं माणूस नसेल, तर विमानतळाजवळ राहूनही सकाळी रहदारी टाळून येता येतं. मात्र तिकीट कुठल्या विमानतळाचं आहे ते आधी बघा, कारण आता नवी मुंबईचा विमानतळही आहे. तिथून अटल सेतूने शिवडीला आणि पुढे ईस्टर्न फ्रीवेने आलात तर थेट पी. डिमेलो रोडवर उतराल, म्हणजे धक्क्याच्या अंगणातच. नवी मुंबईला उतरून अंधेरीला हॉटेल घेणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.)

सासूबाईंच्या मरीन ड्राइव्हचं काय? समुद्रासमोरच्या चांगल्या हॉटेलात, समुद्राकडची खोली, डिसेंबरात, तुमच्या पैशांत मिळणं कठीण आहे. मिळालीच तर नीट चौकशी करा. 'सी व्ह्यू' आणि 'पार्शियल सी व्ह्यू' यांत फार फरक असतो. दुसऱ्यात खिडकीच्या कडेला उभं राहून मान वळवली की दोन इमारतींच्या फटीतून पाणी दिसतं. पण मला वाटतं, सासूबाईंना खोलीतून समुद्र नको आहे. समुद्र त्यांना पुढचे तीन दिवस चहूबाजूंनी दिसणारच आहे. त्यांना बघायचीय ती दिव्यांची माळ, आणि ती हॉटेलच्या खिडकीपेक्षा कठड्यावर बसून जास्त छान दिसते. बुधवारी संध्याकाळी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी टॅक्सीने चर्चगेटच्या बाजूला जा आणि कठड्यावर बसा. उजेड जातो आणि नरिमन पॉइंटपासून मलबार हिलपर्यंत एकेक दिवा लागत जातो, ते बघायला काही पैसे पडत नाहीत. आजोबांना कठड्यावर चढणं जमणार नसेल, तर घडीची छोटी खुर्ची सोबत न्या. तीच पुढे बोर्डिंगच्या रांगेतही उपयोगी पडेल. ही संध्याकाळ बेतात आधीच पक्की धरा, 'वेळ मिळाला तर' यावर सोडू नका. पाच माणसांच्या प्रवासात बायकांच्या इच्छा नेहमी त्या 'वेळ मिळाला तर'मध्येच राहून जातात.

म्हणजे माझं मत फोर्टच्या बाजूला पडतं, आणि दुसरी पसंती चर्चगेटला. चर्चगेटहून मरीन ड्राइव्ह चालत पाच मिनिटांवर आणि धक्का टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. कुलाबाही चालेल, तिथे खाण्यापिण्याची आणि संध्याकाळी फिरण्याची चंगळ आहे, फक्त रात्री गजबज जास्त. बॅलार्ड इस्टेट तर अगदी टर्मिनलच्या दारातच. १९०८ ते १९१४ या काळात पोर्ट ट्रस्टने भराव घालून हा भाग वसवला. गेटवेचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनीच याची आखणी केली, म्हणून सगळ्या इमारती एकाच घराण्यातल्या वाटतात. दिवसा सुंदर भाग आहे, रुंद पदपथ, झाडं. पण ही सगळी कचेऱ्यांची वस्ती. संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडतात, रात्री मुलाला भूक लागली तर खाली उतरून काही मिळेल याची खात्री नाही. तिथलं प्रसिद्ध ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृह, १९२३ पासूनचं, तेसुद्धा दुपारच्या जेवणापुरतंच उघडं असतं. सीएसएमटीच्या जवळ राहिलात तर स्टेशनासमोर 'आराम'मध्ये थालीपीठ आणि पियूष मिळतं, उडुपी हॉटेलं हाकेच्या अंतरावर असतात. सासू-सासऱ्यांना सकाळी आपल्या सवयीचं काहीतरी पोटात जाईल. म्हणून 'धक्क्याच्या सर्वांत जवळचं' हा हट्ट सोडा. एक किलोमीटर मागे सरकलात तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

आता फोर्टची अडचण सांगते, कारण ती साइटवरच्या फोटोत दिसत नाही. या भागातली तुमच्या बजेटमधली बरीच हॉटेलं जुन्या इमारतींमध्ये आहेत. फोटोत खोली लख्ख दिसते, पांढरी चादर, भिंतीवर टीव्ही. प्रत्यक्षात रस्त्यावरून आत शिरलात की आधी सहा-सात दगडी पायऱ्या. त्या चढून गेलं की लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट, तिच्यात तीन माणसं उभी राहिली की बॅग बाहेर. काही ठिकाणी लिफ्ट मधल्या जिन्याच्या टप्प्यावर थांबते आणि पुढे अर्धा मजला लाकडी जिना. वर गेल्यावर खोलीला खिडकी असते, पण ती इमारतीच्या आतल्या चौकात उघडते. बाथरूमच्या दारात चार-पाच इंचांचा उंबरा आणि आत ओली, गुळगुळीत फरशी. तिशीतल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. तुमच्या सासऱ्यांना मात्र त्या सहा पायऱ्या दिवसातून चार वेळा चढाव्या लागतील.

म्हणून साइटवर तीन-चार हॉटेलं निवडा, पण पैसे भरायच्या आधी प्रत्येक ठिकाणी फोन करा. रिसेप्शनवर विचारताना 'लिफ्ट आहे का?' असं विचारू नका, उत्तर 'आहे' असंच येतं. 'रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत किती?' असं विचारा. आकडा आला तर समोरच्या माणसाने इमारत डोळ्यांसमोर आणलीय असं समजा. 'व्हीलचेअर खोलीपर्यंत जाते का?' हा दुसरा प्रश्न. व्हीलचेअर तुम्हाला लागणार नसेल, तरी जिथे ती जाते तिथे आजोबाही सुखाने जातात. बाथरूमला उंबरा आहे का, गरम पाणी ठरावीक वेळेतच येतं की दिवसभर, खोलीची खिडकी कशावर उघडते, हेही विचारून घ्या. कुणी कंटाळून उत्तरं द्यायला लागलं, तर तुमचा निर्णय सोपा झाला. साइटवर राहून गेलेल्यांचे अभिप्राय बघताना पाच आणि एक तारेवाले सोडून द्या, दोन-तीन तारेवाले अलीकडचे वाचा. लिफ्ट, पाणी, वास, आवाज यांबद्दल खरं तिथेच लिहिलेलं असतं.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. 'आमची गाडी सकाळी सातला येते, खोली किती वाजता देता आणि त्याचे किती जास्त घेता?' बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बारा किंवा दोनला मिळते. काही हॉटेलं अर्ध्या दिवसाचं भाडं घेऊन सकाळीच देतात, काही खोली रिकामी असेल तर तशीच देतात, आणि काही जुन्या हॉटेलांत अजून चोवीस तासांचं चेक-आउट चालतं. हे तिसरं ऐकायला आकर्षक वाटतं, पण तुमच्या उपयोगाचं नाही. सकाळी आठला खोली घेतलीत तर गुरुवारी सकाळी आठला सोडावी लागेल आणि बोर्डिंगपर्यंत सामान घेऊन कुठे बसणार? तुम्हाला हवी आहे ती बुधवारी सकाळी लवकर खोली आणि गुरुवारी बारा-एकपर्यंत मुभा. दोन्ही मिळत नसेल तर सकाळची मागा. रात्रभर गाडीत बसून आल्यावर आजोबांना आंघोळ आणि पाठ टेकायला जागा लगेच मिळाली पाहिजे. गुरुवारी दोन तास हॉटेलच्या बैठकीत निघून जातील. तुम्हाला दोन खोल्या लागतील, त्यांतली एकच सकाळी मिळत असेल तरी घ्या, तिथे सासू-सासऱ्यांना झोपवा आणि मुलाला घेऊन तुम्ही दोघं संग्रहालय बघून या. आणि जे ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून मागा. फोनवर 'हो हो, देऊ' म्हणणारा माणूस त्या सकाळी ड्यूटीवर नसतो.

गीतांजलीसारख्या दिवसाच्या गाडीने निघून रात्री पोचायचं आणि सरळ खोलीत शिरायचं, असाही एक मार्ग आहे. मग सकाळच्या खोलीचा प्रश्नच उरत नाही. पण ती गाडी हावड्याहून येते, उशीर झाला तर मध्यरात्री उतराल, आणि मरीन ड्राइव्हची संध्याकाळ हातची जाईल. तुमच्या घरासाठी मी तो मार्ग धरणार नाही.

पैशांच्या बाबतीत एक बारकावा. ज्या खोलीचं रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असतं तिच्यावर सध्या ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. तुमचं बजेट नेमकं या रेषेवर आहे. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाने एका खोलीमागे जवळजवळ बाराशे जास्त, दोन खोल्यांना दुप्पट. आणि दोन खोल्या घ्याच. एका खोलीत जादा गाद्या टाकून पाच जण, हा विचार सोडा. फोर्टमधल्या खोल्या लहान असतात, रात्री आजोबा बाथरूमला उठले तर त्यांना गाद्यांवरून पाय टाकत जावं लागेल. नातवाला आजी-आजोबांच्या खोलीत द्या, आणि नऊ वर्षांच्या मुलाचं जादा भाडं धरलंय का ते विचारून घ्या.

उतरल्यावरचंही ठरवून ठेवा. सीएसएमटीचे लांब पल्ल्याचे फलाट खूप लांबलचक आहेत, सामानासाठी हमाल करा आणि पैसे आधी ठरवा. मुंबई शहरात रिक्षा नाहीत, त्या शीव-वांद्र्याच्या पलीकडेच राहतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार माणसं बसतात, तुम्ही पाच आणि सामान, म्हणजे दोन टॅक्सी किंवा अ‍ॅपवरची मोठी गाडी. स्टेशनाबाहेर एवढ्या जवळच्या भाड्याला टॅक्सीवाले नाही म्हणतात, आजोबांना तिथे ताटकळत उभं करू नका. हॉटेलला विचारा, पुष्कळ जण सांगितलं तर गाडी पाठवतात. गुरुवारी धक्क्याला जाण्यासाठीही हॉटेलकडूनच गाडी सांगा. आणि हॉटेलात सामान भरताना एक लक्षात ठेवा. टर्मिनलवर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनमध्ये काही तासांनी पोचतात. आजोबांची औषधं, चष्मा, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं आणि एक बदलीचा कपडा हातातल्या पिशवीत ठेवा.

आता डोंबिवली. आत्येसासूबाईंचा आग्रह मी हलका मानत नाही. घरचं माणूस मुंबईत येऊन हॉटेलात उतरलं तर त्यांना लागणारच. पण बुधवारची रात्र तिथे काढली तर गुरुवारी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, पाच माणसं आणि सामान घेऊन फोर्टला यायचं आहे. फास्ट लोकलला तास-सव्वातास लागतो, पण त्या वेळेला सामानासकट चढणंच अशक्य. टॅक्सीला दोन तास धरा आणि तरीही वर एक तास हातात ठेवा. आजोबांना पहाटेच उठवावं लागेल, आत्याबाई त्याच्याही आधी उठून डबा करतील. कुणालाच कुणाचा सहवास मिळणार नाही.

पण रविवार मोकळा आहे! सकाळी जहाजातून उतराल तेव्हा कुठे पोचायची घाई नसेल. रविवारी रस्ते बरे असतात, ईस्टर्न फ्रीवेने गाडी करून सरळ डोंबिवलीला जा. लोकलचा विचार नको, रविवारी बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद, असतो. दुपारचं जेवण आत्याबाईंकडे, आजोबांना वामकुक्षी, मुलाने काढलेले जहाजाचे फोटो सगळ्यांना दाखवून होतील. विदर्भ आणि अमरावती या दोन्ही गाड्या संध्याकाळी सीएसएमटीहून निघून कल्याणला थांबतात. परतीच्या तिकिटात बोर्डिंग कल्याण टाका, डोंबिवलीहून ते अगदी जवळ. तिकीट आधीच सीएसएमटीचं काढलं असेल तर आयआरसीटीसीवर बोर्डिंग स्टेशन वेळेत बदलून घ्या. मात्र एकदा बदललं की त्या तिकिटावर सीएसएमटीहून बसता येत नाही, हे लक्षात असू द्या. अशा रीतीने रविवारचे ते मोकळे तास, ज्यांच्यासाठी नाहीतर आणखी एक खोली घ्यावी लागली असती, ते आत्याबाईंच्या घरी जातील. उलट त्यांना बुधवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर यायचं आमंत्रण द्या. येतील न येतील, पण बोलावणं गेलं पाहिजे. आणि हे फोनवर तुम्ही सांगू नका, सासूबाईंना सांगायला लावा. नणंद-भावजयीच्या बोलण्यात जे सहज पटतं ते सुनेने सांगितलं की वेगळं ऐकू येतं.

ज्यांचं मुंबईत कुणी नाही, त्यांनी परतीच्या दिवसाचा प्रश्न जातानाच सोडवावा. ज्या हॉटेलात उतरलात तिथेच विचारा, 'रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एक खोली अर्ध्या भाड्यात द्याल का?' ओळखीच्या गिऱ्हाइकाला पुष्कळ जण देतात. नाहीतर सीएसएमटीला रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत, त्या रेल्वे तिकिटाच्या पीएनआरवर आरक्षित होतात. सामान ठेवायला क्लोकरूम आहे, बॅगेला कुलूप मात्र हवं. पॉड हॉटेलही आहे, पण ज्येष्ठांना त्या कप्प्यात शिरणं-निघणं त्रासाचं. तरुण जोडप्याला मी इतका विचार करायला सांगणारच नाही, त्यांनी जिथे स्वस्त आणि स्वच्छ मिळेल तिथे उतरावं. जानेवारीत जाणाऱ्यांनी मुंबई मॅरेथॉनचा रविवार तेवढा टाळावा, त्या सकाळी सीएसएमटीच्या आसपासचे रस्ते बंद असतात.

आता क्रमाने करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, जाण्याचं त्या दिवशी सकाळी काढा आणि परतीचं रविवारच्या हिशेबाने त्याचं आरक्षण उघडेल तेव्हा, ज्येष्ठांसाठी खालचे बर्थ मागा. हॉटेल त्याआधीच बघून ठेवा, पण असं घ्या जे फुकट रद्द करता येतं, म्हणजे गाडीचं तिकीट पक्कं होईपर्यंत तुम्ही अडकणार नाही. सासूबाईंचा डोंबिवलीला फोन हॉटेलचे पैसे भरायच्या आधी झाला पाहिजे, नंतर नाही. आणि यजमानांना घाटात अडकलेल्या मालगाडीबद्दल सांगा, त्यांना ते लगेच पटेल.